अमळनेरचे गुणे आणि मोजून पाहिलेली मुद्रा

मुद्रा म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर बोटं येतात. अंगठा म्हणजे अग्नी, तर्जनी म्हणजे वायू, करंगळी म्हणजे जल. अमुक दोन बोटं जुळवा, तमुक आजार जाईल. पण पंधराव्या शतकातली 'हठयोगप्रदीपिका' उघडून पाहू. तिच्या तिसऱ्या प्रकरणात दहा मुद्रा आहेत आणि त्यांतली एकही नुसत्या बोटांची नाही. महामुद्रा, मूलबंध, जालंधरबंध, उड्डियान, विपरीतकरणी. सगळा मामला पोटाचा, गळ्याचा, श्वासाचा. हातांच्या मुद्रा आपल्याकडे होत्याच, संध्येत होत्या, पूजेत होत्या. पण त्या देवतेसाठी, मधुमेहासाठी नव्हेत.

हे उकरून काढायचं कारण असं, की मुद्रेनं शरीरात नेमकं काय घडतं हे यंत्र लावून पाहणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक जण आपल्या खानदेशात शिकवत होता.

जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गुजरातेत डभोईला. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली व्यायामाचं शिक्षण घेतलं आणि १९१६च्या सुमारास ते अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत आले. प्रतापशेठांची गिरणी आणि तत्त्वज्ञान मंदिर यांचं ते अमळनेर. १९१९मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९२१पासून प्राचार्य होते. १९२३मध्ये ते महाविद्यालय बंद पडलं. पुढच्याच वर्षी लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झालं. एव्हाना गुण्यांचे स्वामी कुवलयानंद झाले होते.

त्यांनी मोजली ती उड्डियान, म्हणजे प्रदीपिकेतल्या दहांपैकी एक. श्वास पूर्ण सोडून पोट आत-वर ओढायचं. जोडीला नौली, जिच्यात पोटाचे उभे स्नायू मध्ये घट्ट उभे करतात. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली हे तपासलं गेलं, दाब मोजला गेला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून योगी आतड्यात पाणी ओढून घेऊ शकतो, हे दिसलं. चमत्कार नाही, दाबाचा फरक! त्या कमी दाबाला त्यांनी नाव मात्र गुरूंचंच दिलं.

प्राणायामाबाबतही तसंच. जास्त प्राणवायू मिळतो म्हणून प्राणायाम करायचा, असं आपण सर्रास म्हणतो. कुवलयानंदांनी आत-बाहेर जाणारे वायू मोजले आणि प्राणायामाचं मुख्य मोल प्राणवायूत नाही, असं ठरवलं. ते त्यांना दिसलं दाबातल्या बदलांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात. आजचं शरीरशास्त्रही सांगतं, की निरोगी माणसाच्या धमन्यांतलं रक्त साध्या श्वासावरही प्राणवायूनं जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. भरल्या हंड्यात आणखी किती ओतणार?

व्याख्यान संपलं की हमखास प्रश्न येतो: मुद्रा सुरू केलीय, बीपीची गोळी बंद करू का? नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला, उच्छ्वास लांबवला, तर नाडी मंदावते, रक्तदाब थोडा उतरतो, मन निवतं. एवढं खरं आहे आणि एवढं कमी नाही. बोटं जुळवून स्वस्थ बसल्यावर जे बरं वाटतं, त्यातला मोठा वाटा आमच्या मते त्या बसण्याचा आणि श्वासाचा आहे. १९२७मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांना पत्रं लिहून सल्ला घेतला, आसनं केली. डॉक्टरांनाही दूर केलं नाही. आणि उड्डियान? उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अल्सर किंवा गरोदरपण असेल, तर तिच्या वाटेला जाऊच नये.

शांततेचं म्हणाल तर धुळ्याच्या तुरुंगात १९३२मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि अमळनेरला मास्तरकी केलेले साने गुरुजी ते उतरवून घेत. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी एकाग्रतेच्या जोडीला ठेवली ती परिमितता: खाणं, झोप, बोलणं, सगळं मापात.

बोटांना खरं काम अनुलोम-विलोमात असतं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मिटायचं, अंगठ्यानं उजवी नाकपुडी धरायची, अनामिकेनं डावी. अलगद धरा, नाक चिमटू नका. आणि सुरुवातीचे काही आठवडे श्वास रोखायचा नाही, फक्त सोडायचा, सावकाश.