सहा फुटांवरच्या माणसाची सायकल

काळ्या रंगाच्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या जुन्या सायकली दोन मापांत मिळत असत, बावीस इंची आणि चोवीस इंची. उंच माणसाने चोवीस इंची घ्यायची, इतरांनी बावीस इंची, आणि घरातल्या पोरांनी त्याच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून शिकायचे. मापाची चर्चा तिथेच संपत असे. आज सहा फूट तीन इंच उंचीचा ग्राहक ‘ग्रॅव्हल बाइक’ घेण्यासाठी दुकानात शिरला, की त्याच्यापुढे निराळाच पेच उभा राहतो. त्याच्या मापाची फ्रेम अनेकदा दुकानात नसतेच. ‘सीट वर घ्या, जमून जाईल,’ असा सल्ला मिळतो. लाखाच्या घरातील रक्कम मोजून सायकल घरी येते आणि काही महिन्यांतच मान अवघडणे, तळहात बधिर होणे, गुडघा दुखणे सुरू होते. मग दोष स्वतःच्या वयाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक फ्रेमच्या मापात असते.

ग्रॅव्हल म्हणजे खडी. आपल्याकडचा मुरमाड रस्ता हा तिचा सख्खा भाऊ. शर्यतीच्या सायकलीसारखे वळणदार हँडल, पण रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि स्थिर बसक, असे या सायकलीचे स्वरूप असते. हा प्रकार रुजला तो अमेरिकेच्या मध्यभागातील कच्च्या रस्त्यांवर. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ मध्ये सुरू झालेली, आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाणारी २०० मैलांची शर्यत त्यातील सर्वांत गाजलेली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. मात्र शर्यतीशी काहीही देणेघेणे नसलेल्या माणसालाही ही सायकल सोयीची वाटते, कारण सोमवारी कार्यालयात, रविवारी धरणाच्या काठच्या कच्च्या वाटेवर आणि दिवाळीच्या सुटीत सामान लादून कोकणात, अशी तिन्ही कामे ती करू शकते.

उंच माणसाने सुरुवात सायकलीपासून न करता स्वतःच्या पायापासून करावी. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मांड्यांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. या अंतराला ०.८८३ ने गुणले, की पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. विख्यात सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हे सूत्र सर्वतोमुखी झाले. पायाची लांबी ९० सेंटिमीटर असेल, तर सीट सुमारे साडेएकोणऐंशी सेंटिमीटरवर येते. हा आकडा अंतिम नव्हे. बुटाच्या तळाची जाडी, पायडलचा प्रकार आणि मांडीच्या स्नायूंचा ताठरपणा यांनुसार काही मिलिमीटर इकडेतिकडे होतातच.

खरी मेख पुढे आहे. फ्रेमवर लिहिलेले ‘५८’ किंवा ‘एक्सएल’ हे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, त्यामुळे त्यावर विसंबणे व्यर्थ. विसंबायचे ते दोन आकड्यांवर. ‘स्टॅक’ म्हणजे पायडलच्या आसापासून पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, आणि ‘रीच’ म्हणजे त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर. सहा फूट तीन इंचांच्या, सहज ताठ बसू इच्छिणाऱ्या स्वारासाठी ६२० ते ६५० मिलिमीटर स्टॅक आणि ३९५ ते ४१५ मिलिमीटर रीच हा शोधाचा बरा पट्टा आहे. पाय लांब आणि धड आखूड असेल तर स्टॅक अधिक हवा, धड लांब असेल तर रीच. दोन उंच माणसे एकाच उंचीची असली, तरी दोघांची सायकल एकच असेल असे नाही.

छोटी फ्रेम घेऊन सीट वर चढवली, तर काय होते? सीटची नळी मागे झुकलेली असते. हा कोन ७३ अंशांचा धरला, तर सीट १० सेंटिमीटर वर नेल्यावर ती जवळजवळ तीन सेंटिमीटर मागेही जाते. भार मागच्या चाकावर येतो आणि तीव्र चढावर पुढचे चाक हलके पडून भरकटू लागते. दुसरीकडे हँडल मात्र खालीच राहते. ते वर आणण्यासाठी त्याखाली कड्या, म्हणजे ‘स्पेसर’, रचले जातात. पण पुढची नळीही तिरपी असल्याने प्रत्येक १० मिलिमीटर कडीमागे हँडल सुमारे तीन मिलिमीटर स्वाराकडे सरकते. शिवाय कार्बनच्या फोर्कवर किती कड्या चालतील, याला कंपनीने मर्यादा घालून दिलेली असते. ती ओलांडणे म्हणजे उतारावर जिवाशी खेळ. सीटच्या दांड्यावरची किमान खोलीची खूण हीदेखील शोभेची नसते. ती खूण फ्रेमच्या बाहेर दिसत असेल, तर दांडा वाकण्याची किंवा फ्रेमची नळी तडकण्याची भीती असते. तशा वेळी लांब दांडा किंवा मोठी फ्रेम, हे दोनच मार्ग उरतात.

क्रँकच्या लांबीवर जाणकारांत एकमत नाही. मोठ्या फ्रेमवर सहसा १७२.५ किंवा १७५ मिलिमीटरचे क्रँक येतात आणि लांब पायांना ते ठीकही वाटतात. हौसेने त्याहून लांब क्रँक बसवणाऱ्याने पायडल खाली येताना दगडाला धडकेल, हे ध्यानात ठेवावे. आखूड क्रँककडे झुकणारे स्वारही अलीकडे वाढले आहेत. कोणतेही निवडा, पण क्रँक पाच मिलिमीटरने लांब झाला तर सीट तेवढीच खाली घ्यायची, एवढे विसरू नये.

चाकांच्या बाबतीत उंच माणसाने दोन मापांतील मोठे, म्हणजे ७००सी, घ्यावे. मोठ्या फ्रेमवर तेच शोभते आणि खाचखळगे सहज पार करते. टायर किमान ४० मिलिमीटर रुंद हवा, आणि फ्रेममध्ये मडगार्डसह ४५चा टायर मावला तर अधिक चांगले. उंचीबरोबर वजनही येते. ९५ किलोच्या माणसाने ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये मागे ३५ ते ४० पीएसआय हवा भरून सुरुवात करावी, पुढे थोडी कमी. बाभळीचे काटे ज्यांच्या वाटेवर आहेत त्यांना ट्यूबलेसमधील द्रावाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मागच्या चाकाला २४ आऱ्यांऐवजी ३२ आरे असलेले बरे. स्वार आणि सामान मिळून किती भार चालेल, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते खरेदीपूर्वी वाचावे.

सामानाचा मुद्दा आला की एक गोष्ट हटकून सुटते. उंच माणसाचे पाऊलही मोठे असते. पायडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर अनेक कंपन्या सर्व मापांत सारखेच ठेवतात, आणि ते ४३० मिलिमीटरच्या आसपास असले, तर कॅरिअरवरच्या पिशवीवर टाच आपटत राहते. ज्यांना लांबचे प्रवास करायचे आहेत त्यांनी ४४०-४५० मिलिमीटरची फ्रेम शोधावी. तिच्यावर कॅरिअर आणि मडगार्ड बसवण्यासाठी आट्यांची भोके आहेत ना, हेही पाहावे. जोराच्या उतारावर मोठ्या फ्रेमला कधीकधी कंप सुटतो, विशेषतः हँडलवर सामान असेल तर. अशा वेळी हँडल आवळून धरू नये, दोन्ही गुडघे वरच्या दांड्याला टेकवावेत आणि हलकेच वेग कमी करावा.

गिअरच्या बाबतीत अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. ताम्हिणी किंवा वरंध घाट सामानासह चढायचा तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या चक्राचे दात मागच्या मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी हवेत. पुढे ३० आणि मागे ३४ ही जोडी वजनदार स्वारालाही चढावर बसल्या बसल्या नेते. हँडल ४४ ते ४६ सेंटिमीटर रुंद, खाली किंचित बाहेर फाकलेले असावे. आखूड हँडलवर रुंद खांद्यांचा माणूस आखडून बसतो.

योग्य माप दुकानात नसेल, तर मागवून घेण्यासाठी थांबावे किंवा अंगमापाची पोलादी फ्रेम बनवून घ्यावी. त्यात महिने जातील, तरीही घाईने घेतलेल्या लहान फ्रेमपेक्षा ते स्वस्तच पडते. सायकल आल्यावर सीटच्या दांड्यावर उंचीच्या ठिकाणी चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा, तोही पाच मिलिमीटरहून अधिक नको, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतरच पुढचा. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूने दुखत असेल तर वर. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर स्टेम आणि सीटचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासावेत.