जीपमधील ध्वनिसंच

जीपमधील ध्वनिसंच म्हणजे जीप व तत्सम खडतर मार्गावर चालणाऱ्या वाहनांत रेडिओ व संगीत ऐकण्यासाठी बसवलेली विद्युत यंत्रणा होय. मुख्य संच, स्पीकर, अँटेना, वायरिंग आणि काही वेळा स्वतंत्र ॲम्प्लिफायर हे तिचे घटक आहेत. बोलीभाषेत मुख्य संचाला ‘कार स्टिरिओ’, ‘डेक’ किंवा कॅसेटच्या काळापासून रूढ झालेल्या नावाने ‘टेप’ असे म्हणतात. बंद मोटारीच्या तुलनेत जीपमधील संचाला धूळ, पाणी, हादरे आणि उष्णता यांचा अधिक त्रास होतो. त्यामुळे संच बंद पडल्यास दोष अनेकदा मुख्य संचात नसून जोडण्या, अर्थिंग किंवा स्पीकरमध्ये आढळतो. संच बदलण्यापूर्वी बिघाडाचे निदान करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीत बसवता येणारा रेडिओ बाजारात आणला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली व पुढे ती मोटारींतही वापरली जाऊ लागली. १९८० च्या दशकात सीडी आणि त्यानंतर यूएसबी, मेमरी कार्ड व ब्लूटूथ यांची भर पडली.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप ही लष्करी गरजेतून घडलेली होती. तिच्या रचनेत संगीताच्या संचासाठी जागा नव्हती. भारतात १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. या परंपरेतील जुन्या गाड्यांत संच बाहेरून विकत घेऊन बसवला जाई. डॅशबोर्डखाली पत्र्याची चौकट ठोकून त्यात टेप बसवणे ही सर्वत्र आढळणारी पद्धत होती. २००० मध्ये बोलेरो व २०१० मध्ये थार ही वाहने बाजारात आली. २०२० मधील नव्या थारमध्ये छताला बसवलेले स्पीकर, पाण्याचे तुषार सहन करणारा स्पर्शपडदा आणि पाण्याने धुता येईल असा तळ देण्यात आला. जीपच्या वापरातून उद्भवणाऱ्या अडचणींचा विचार कारखान्यातच झाल्याचे हे उदाहरण होय.

खानदेशातील वापर

धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव मुंबई–आग्रा महामार्गावर असून ते सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानकही आहे. येथून महामार्गाने उत्तरेकडे तापी ओलांडून शिरपूर व पुढे सातपुड्यातील घाटाकडे जाता येते. या परिसरात काळी-पिवळी जीप, बोलेरो व पिकअप या गाड्या प्रवासी व शेतमालाच्या वाहतुकीसाठी वापरल्या जातात. महामार्ग सोडताच शिवाररस्ते लागतात. उन्हाळ्यात त्यांवर बारीक धूळ उडते, तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो. उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान त्याहून बरेच अधिक असते.

गाडीतील संचावर आकाशवाणीच्या जळगाव व धुळे केंद्रांचे कार्यक्रम तसेच अहिराणी गाणी ऐकली जातात. पूर्वी कॅसेटवर मिळणारी ही गाणी पुढे मेमरी कार्ड व पेनड्राइव्हवर आली.

आकारमान व जोडण्या

मुख्य संचाचा आकार जर्मन मानक संस्थेने ठरवलेल्या व पुढे ‘आयएसओ ७७३६’ म्हणून स्वीकारलेल्या मानकानुसार असतो. ‘एक डिन’ संचाचा दर्शनी भाग सुमारे १८० × ५० मिलिमीटर, तर ‘दोन डिन’ संचाचा सुमारे १८० × १०० मिलिमीटर असतो. नवा संच घेण्यापूर्वी डॅशबोर्डमधील जागेची खोलीही मोजावी लागते, कारण जुन्या जीपमध्ये मागील बाजूस वायपरची मोटर किंवा हवेची नळी आड येऊ शकते.

बाजारात सुटे मिळणाऱ्या संचांच्या वायरींचे रंग सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

• पिवळी – बॅटरीकडून कायम मिळणारा १२ व्होल्टचा पुरवठा. घड्याळ व स्मृतीसाठी
• लाल – किल्ली फिरवल्यावर मिळणारा पुरवठा
• काळी – अर्थिंग
• निळी – विजेवर चालणारी अँटेना
• निळी-पांढरी – ॲम्प्लिफायर चालू करणारा संकेत
• नारिंगी – गाडीच्या दिव्यांसोबत पडदा मंद करण्यासाठी
• पांढरी, करडी, हिरवी व जांभळी – अनुक्रमे पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा व मागचा उजवा स्पीकर. काळी रेघ असलेली जोडवायर ऋण बाजूची

हे रंग संचाच्या वायरींचे आहेत. गाडीच्या मूळ वायरींचे रंग निर्मात्यानुसार वेगळे असतात व ते मल्टिमीटरने तपासूनच ओळखावेत.

बिघाडाची कारणे

हादरे: खाचखळग्यांत सतत बसणाऱ्या हादऱ्यांनी वायरींचे जोड सैल होतात, सोल्डर तडकते आणि वायर पत्र्याच्या कडेला घासून तिचे आवरण फाटते. मागील बाजूने आधार न दिलेला संच फक्त पुढच्या चौकटीवर लोंबकळतो.

धूळ: कॅसेट व सीडीच्या हलत्या भागांवर धूळ बसते. सीडीच्या भिंगावर धूळ साचली की गाणे अडखळते. पेनड्राइव्ह किंवा ब्लूटूथवर चालणाऱ्या संचात हलता भाग नसल्याने तो धुळीच्या रस्त्यावर अधिक टिकतो.

पाणी: उघड्या जीपमध्ये पावसाचे पाणी थेट आत येते. पाणी ओलांडताना ते तळात शिरते. कागदी शंकूचे स्पीकर भिजून फाटतात, तर जोडण्यांवर हिरवट गंज चढतो.

सदोष अर्थिंग: काळी वायर रंगवलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्याला जोडल्यास आवाज तुटतो, संच आपोआप बंद होतो किंवा इंजिनच्या गतीनुसार वाढणारी शिट्टी ऐकू येते.

बिघाडाचे निदान

निदान पुढील क्रमाने केल्यास चांगला संच विनाकारण बदलला जाण्याची शक्यता कमी होते.

१. फ्यूज तपासावा. एक फ्यूज गाडीच्या फ्यूजपेटीत व दुसरा बहुधा संचाच्या मागे असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तो पुन्हा उडाल्यास वायर कोठेतरी पत्र्याला टेकत आहे असे समजावे.

२. पिवळ्या वायरवरील विद्युतदाब मोजावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर तो सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. लाल वायरवर किल्ली फिरवल्यावरच दाब यावा. जुन्या विलीज गाड्यांची मूळ यंत्रणा ६ व्होल्टची व काही लष्करी जीपची २४ व्होल्टची असल्याने अशा गाडीत दाब मोजल्याशिवाय संच जोडू नये.

३. संच मोठ्या आवाजात चालू ठेवून काळी वायर व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असल्यास अर्थिंग सदोष असते.

४. स्पीकरच्या वायरी संचापासून सोडवून रोध मोजावा. ४ ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर ३ ते ४ ओहम दिसतो. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावल्यास चांगल्या स्पीकरमधून ‘खट’ असा आवाज येतो.

५. गाडी बंद करताच निवडलेली केंद्रे पुसली जात असतील, तर पिवळी वायर कायम पुरवठ्याला जोडलेली नाही किंवा पिवळी व लाल या वायरींची अदलाबदल झाली आहे असे मानावे.

या सर्व तपासण्यांत दोष न आढळल्यासच मुख्य संच बिघडल्याचा निष्कर्ष काढता येतो. कॅसेटचा ताणलेला पट्टा, घाणेरडे हेड, तडकलेले सोल्डर व सैल आवाजबटण यांची दुरुस्ती शक्य असते. जळालेले ॲम्प्लिफायर आयसी किंवा फुटलेला पडदा असल्यास नवा संच तुलनेने सोयीचा ठरतो.

संच बदलण्याची पद्धत

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवतात व काम संपल्यावर तेच शेवटी जोडतात. धन टोक आधी सोडवल्यास पाना पत्र्याला टेकून ठिणगी उडू शकते. काही मूळ संचांना बॅटरी काढल्यानंतर सांकेतिक अंक द्यावा लागतो. तो आधी शोधून ठेवावा.

गाडीची मूळ जोडणी कापून वायरी पिळणे व वर चिकटपट्टी गुंडाळणे ही पद्धत सदोष आहे. उष्णतेने चिकटपट्टीचा गोंद सुटतो आणि हादऱ्यांनी जोड उघडा पडतो. त्याऐवजी गाडीला अनुरूप जोडसंच वापरतात किंवा जोड दाबून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवतात. पत्र्याच्या छिद्रातून जाणाऱ्या वायरीला रबरी कडे लागते. काळी वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसवतात.

आधुनिक संचात स्पीकरच्या दोन्ही वायरींवर दाब असतो. जुन्या रेडिओप्रमाणे एक वायर पत्र्याला जोडल्यास संचाचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. जुन्या जीपमध्ये नवा संच बसवताना ही चूक विशेषतः संभवते.

स्पीकर छताच्या चौकटीवर किंवा डॅशबोर्डखाली उंच जागी बसवतात. ॲम्प्लिफायर तळावर ठेवत नाहीत. स्पीकरचा शंकू पॉलिप्रॉपिलीनचा असावा. संचावर ‘आयपी ५४’ असे लिहिले असल्यास त्याला धुळीपासून मर्यादित संरक्षण असून उडणारे पाणी तो सहन करतो. पाण्यात बुडणे मात्र सहन करत नाही.

एफएमसाठी सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची अँटेना योग्य असते, कारण १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असून त्याच्या एक चतुर्थांश अँटेना लागते. ती फायबरच्या किंवा कापडी छतावर न लावता धातूच्या मडगार्डवर लावतात. परदेशातून आणलेला संच अमेरिकी मांडणीत असल्यास मध्यम लहरींवर तो १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने पुढे सरकतो. भारतीय केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यावर असल्याने मांडणी बदलल्याशिवाय ती नीट लागत नाहीत.

‘४ × ५० वॅट’ हा खोक्यावरील आकडा सततच्या शक्तीचा नसतो. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात सैद्धांतिकदृष्ट्याही सुमारे २६ वॅटहून अधिक शक्ती देता येत नाही. त्याहून अधिक शक्तीसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो.

सुरक्षितता

फ्यूजशिवाय ओढलेली वायर हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. अशी वायर घासून पत्र्याला टेकल्यास बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहून आग लागू शकते. ॲम्प्लिफायरसाठी बॅटरीपासून थेट वायर नेल्यास तिच्यावर बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवतात. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कागद लावणे घातक असते.

चुकीच्या जोडणीमुळे गाडी बंद असतानाही वीज खर्च होते. ०.१ अँपिअरची गळती दिवसाला २.४ अँपिअर-तास, म्हणजे दहा दिवसांत ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा ४० टक्के भाग संपवते. घाटात किंवा शेतात उभ्या गाडीसाठी याचा अर्थ ती सुरू न होणे असा होतो.

भिजलेला संच चालू करू नये. फ्यूज काढून, संच उघडून पूर्ण वाळवल्यानंतरच त्याची तपासणी करावी. अरुंद घाटरस्त्यावर मागील वाहनाचा भोंगा ऐकू यावा इतकाच आवाज ठेवणे आवश्यक असते.

कायदेशीर बाबी

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अनुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ पर्यंतचा काळ होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ हे वाहनातील फेरबदलांविषयी, तर कलम १८४ धोकादायक वाहनचालनाविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना मोबाइल हातात घेऊन वापरणे कलम १८४ खाली येते. त्यामुळे गाणे बदलण्यासाठी मोबाइल हाताळणेही टाळावे. निकामी झालेला संच भंगारात न टाकता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अंतर्गत नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा.