दस्त लिहिणारा कोणाचा?
गहाणखताच्या मराठी लेखनव्यवहाराचा ऐतिहासिक विचार

१

मराठी खरेदीखतांत आणि गहाणखतांत दोन पक्षांना जी नावे दिलेली असतात, ती भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनी सारख्याच आस्थेने पाहावीत अशी आहेत. मिळकत विकणारा किंवा गहाण ठेवणारा तो ‘लिहून देणार’. ती विकत अगर गहाण घेणारा तो ‘लिहून घेणार’. दोन्ही पदे एकाच ‘लिहून’ ह्या अव्ययापासून सुरू होतात. भेद आहे तो पुढील क्रियापदात. मराठीत ‘देणे’ हे सहायक म्हणून आले म्हणजे क्रियेचे फल दुसऱ्याकडे जाते, आणि ‘घेणे’ आले म्हणजे ते कर्त्याकडे येते. तेव्हा दस्ताचा लाभ कोणाला, हे पक्षांच्या नावांतच सांगितलेले आहे.

परंतु ह्या दोघांपैकी प्रत्यक्ष लिहितो कोण? बहुधा कोणीच नाही. ऋणको निरक्षर असला तर त्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराची आकृती काढण्याचा प्रघात होता. पुढे अंगठ्याचा ठसा आला. मजकूर लिहिणारा तिसराच, आणि त्याचे नाव आले तर दस्ताच्या शेवटी, ‘बिकलम’ ह्या शब्दाच्या आश्रयाने. दस्ताची भाषा मात्र सबंध ऋणकोच्या तोंडची, प्रथमपुरुषी. म्हणजे वाचा एकाची, शब्द दुसऱ्याचे आणि लाभ तिसऱ्याचा, अशी ही रचना आहे. हा लिहिणारा कोणाचा, ह्या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. प्रश्न जुना असला तरी बँकेकडून कर्ज काढून घर घेणाऱ्या आजच्या गृहस्थापुढेही तो उभा आहे, हे शेवटी दिसून येईल.

२

‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहण’ ह्यापासून आलेला. धर्मशास्त्रातील पारिभाषिक शब्द मात्र ‘आधि’ असा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आधीविषयी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. कर्ज दुप्पट होऊनही आधी सोडविला नाही तर तो बुडतो. मुदत ठरलेली असल्यास मुदतीअखेर बुडतो. आणि ज्याचे उत्पन्न धनको भोगीत असतो असा आधी कधीच बुडत नाही. ह्यांपैकी दुसऱ्या प्रकाराशी जवळचे नाते सांगणारा व्यवहार पश्चिम भारतात ‘गहाण-लहाण’ ह्या जोडनावाने प्रसिद्ध होता. मुदतीत पैसे फेडले तर ते गहाण. न फेडले तर तेच खत खरेदीखत समजावयाचे. एकाच कागदाचे स्वरूप केवळ एक तारीख उलटताच पालटते, आणि ते पालटविणारे वाक्य लेखकाने कागदात घातलेले असते.

हे वाक्य कितपत बंधनकारक मानावे ह्याविषयी इंग्रजी अमदानीत मोठा मतभेद झाला. ‘एकदा गहाण ते कायमचे गहाण’ हे तत्त्व इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात दृढ झालेले होते. मुदत टळली तरी रक्कम देऊन मिळकत सोडविण्याचा ऋणकोचा हक्क तेथे अबाधित राहत असे. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये रामजी विरुद्ध चिंतो ह्या खटल्यात गहाण-लहाणाला हेच तत्त्व लावले. उलट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७० मध्ये मद्रासकडील एका अपिलात असा निर्णय दिला की, हे तत्त्व हिंदुस्थानच्या प्राचीन कायद्यास अपरिचित असून पक्षांनी जो करार केला तोच अमलात आणला पाहिजे. ह्यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. विलायतेतील न्यायपीठ देशी कराराच्या अक्षराचे रक्षण करीत होते, तर मुंबईचे न्यायालय विलायती न्यायबुद्धी येथे आणीत होते. मुंबईने आपला १८६४ चा मार्ग पुढेही सोडला नाही.

१८८२ च्या मिळकत हस्तांतर कायद्याने ‘सशर्त विक्रीचे गहाण’ हा स्वतंत्र प्रकार मान्य केला. मुंबई इलाख्यास तो कायदा १८९३ पासून लागू झाला. १९२९ च्या दुरुस्तीने त्याला एक परंतुक जोडले: परत विक्रीची अट त्याच दस्तात नमूद नसेल तर तो व्यवहार गहाण समजला जाणार नाही. हेतू चांगला होता. खोट्या वादांस आळा घालावयाचा होता. परंतु परिणाम असा की, तोंडी दिलेले वचन दस्तात उतरविणे न उतरविणे हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती मिळकतीचे भवितव्यही गेले.

३

हे सामर्थ्य कोणाच्या बाजूस झुकलेले होते, हे दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये दाखवून दिले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यास आरंभ झाला व पुणे आणि अहमदनगर ह्या जिल्ह्यांत त्याचे लोण पोहोचले. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जीवितापेक्षा त्यांच्या दप्तरावर होता; कर्जरोखे हाती घेऊन जाळणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. निरक्षर माणसाने लेखनाविरुद्ध केलेले हे बंड होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी होता. व्याज व हिशेब यांच्या चौकशीविषयीची त्यातील कलमे इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिली आहेत. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची व्यवस्था ग्रामनिबंधकाची होय. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ह्या अधिकाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे आणि तो मोठ्याने वाचून दाखविला पाहिजे, असा दंडक घातला गेला. त्याशिवाय पावती, वार्षिक हिशेब आणि हिशेबाची वही मागण्याचा हक्कही शेतकऱ्यास मिळाला. सारांश, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ह्यांच्यामध्ये लपलेल्या तिसऱ्या माणसाला कायद्याने प्रथमच उजेडात आणून उभे केले, आणि तो कोणाही एका पक्षाचा असू नये असे ठरविले. हा कायदा पुढे रद्द झाला. त्यामागील विचार मात्र विसरण्यासारखा नाही.

४

आज गावच्या सावकाराची जागा पुष्कळ अंशी बँकेने घेतली आहे, आणि दस्ताच्या लेखकाची जागा बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने. ‘पॅनेल’ हा शब्द मुळात कापडाचा तुकडा दर्शविणारा. पुढे ज्या चर्मपत्रावर ज्यूरीतील गृहस्थांची नावे लिहीत त्यास, आणि मग त्या यादीसच तो लावला गेला. नावांची यादी करणारा एक असतो आणि यादीत बसणारे दुसरे, हा अर्थ त्यात आजही टिकून आहे.

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्याचा सॉलिसिटर धनको संस्थेच्या पॅनेलवर असला, तर सामान्यतः तोच दोघांचेही काम पाहतो. दोन धन्यांच्या ह्या सेवेतून १९९० नंतरच्या दशकात अनेक खटले उद्भवले. खरेदीदाराचे काम करताना कळलेली आणि तारणाच्या किंमतीविषयी शंका उत्पन्न करणारी गोष्ट धनकोला सांगणे हे सॉलिसिटरचे कर्तव्य होते, असे तेथील अपील न्यायालयाने ठरविले. १९९९ मध्ये धनको संस्थांच्या परिषदेने सॉलिसिटरांसाठी एक सामाईक सूचनापुस्तिकाच तयार केली.

आपल्याकडे वस्तुस्थिती अधिक सरळ, परंतु अधिक फसवी आहे. बँकेचा पॅनेल-वकील दुय्यम निबंधकाच्या सूची पाहतो, साधारणतः तीस वर्षांचा शोध घेतो आणि मालकीहक्काविषयी अहवाल देतो. फी बहुधा कर्जदार भरतो. अहवाल मात्र बँकेसाठी असतो. ‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे कागद स्वच्छ’ असा समज त्यामुळे सर्वत्र रूढ झालेला आहे, आणि तो तीन कारणांनी अपुरा आहे. नोंदणी ही दस्ताची होते, मालकीची नव्हे. सात-बाराच्या उताऱ्यावरून निघणारे अनुमान खंडनीय असते. आणि बँकेची दृष्टी तारणाच्या पुरेपणाकडे असते, घेणाऱ्याच्या निर्वेध वास्तव्याकडे नव्हे. अहवाल चुकला तरी केवळ चुकीच्या अभिप्रायावरून पॅनेल-वकिलास फौजदारी कटात गोवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि ते न्याय्यच आहे. परंतु बँकेबाबतही ज्याची जबाबदारी अशी मर्यादित, त्याच्यावर कर्जदाराने किती विसंबावे, ह्याचा विचार ज्याचा त्याने केला पाहिजे.

घेणाऱ्याच्या बाजूने लेखणी वळविण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्राने केलेला आहे. सदनिका विकणाऱ्याने जमिनीवरील आपल्या हक्काची खरी व पूर्ण माहिती दिली पाहिजे आणि तो हक्क वकिलाने प्रमाणित केलेला असला पाहिजे, अशी तरतूद १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यात आहे. तथापि हा वकीलही विकासकानेच नेमलेला असतो, हे विसरता येत नाही.

‘वकील’ हा अरबी शब्द. ज्याच्यावर काम सोपविले तो, असा त्याचा अर्थ. पेशवाईत एका दरबाराचा दुसऱ्या दरबारी असलेला प्रतिनिधी तो वकील. हा शब्द षष्ठीवाचून पुरा होत नाही. वकील नेहमी कोणाचा तरी असतो. बँकेचा वकील बँकेचा आणि विकासकाचा वकील विकासकाचा असण्यात गैर काहीच नाही. घर घेणाऱ्याचा वकील कोण, ही जागा मात्र आपल्याकडील बहुसंख्य व्यवहारांत रिकामी राहते. १८७९ च्या कायद्याने ती ग्रामनिबंधकाच्या रूपाने भरून पाहिली होती. आज ती भरण्यासाठी सही करण्यापूर्वी आपला स्वतंत्र वकील नेमणे आणि त्याने काढलेला शोध-अहवाल हाती ठेवणे, एवढाच मार्ग ‘लिहून घेणार’ म्हणविणाऱ्या गृहस्थापुढे आहे. दस्त वाचता येत असला तरी तो आपल्यासाठी लिहिला गेला आहे की नाही, हे निराळेच पाहावे लागते.