नारळाची गुडगुडी आणि मक्याचा पाइप

इस्तंबूलच्या कहवाखान्यात आजही ‘नर्गिले’ मागवले की समोर काचेचे भांडे, पितळी दांडा आणि लांब लवचीक नळी असलेले यंत्र येते. त्यात नारळाचा तुकडाही नसतो. नाव मात्र नारळाचेच आहे. फारसीत नारळाला ‘नारगील’ म्हणतात आणि हा शब्द संस्कृत ‘नारिकेल’च्या कुळातला. पाण्यातून धूर ओढण्याच्या या यंत्राला ज्यांनी हे नाव दिले, त्यांच्या डोळ्यांपुढे काच नव्हती, करवंटी होती.

नारळ इराणच्या कोरड्या पठारावर होत नाही. तो होतो हिंदी महासागराच्या दमट काठावर, आणि रत्नागिरीचा किनारा त्याच काठाचा एक भाग. या जिल्ह्यातील दाभोळ बंदरातून होर्मुझकडे जहाजे जात, ती तंबाखू हिंदुस्थानात येण्याच्याही आधीपासून. १५व्या शतकातला रशियन प्रवासी अफानासी निकितिन परतीच्या वाटेवर दाभोळहूनच जहाजात बसला होता. किनाऱ्यावरची एक साधी वस्तू आपले नाव घेऊन समुद्रापार जावी, यात नवल करण्यासारखे फारसे काही नाही. नवल आहे ते त्या वस्तूत.

धूम्रपानाच्या इतिहासात तंबाखूवर भरपूर लिहिले गेले. ती ज्या भांड्यात जळाली, त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक कोणत्या प्रदेशाने कशाचे भांडे केले, यावरून तिथली शेती कळते, हवा कळते आणि माणसांनी एकमेकांना किती जवळ येऊ दिले, तेही कळते.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तंबाखू आणि मका ही दोन्ही पिके मूळची त्याच खंडातली. मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या लहानशा गावी हेन्री टिब्बी नावाचा हॉलंडहून आलेला लाकूडकातारी राहत असे. १८६९ च्या सुमारास एका शेतकऱ्याने मक्याचे बुरकुंड, म्हणजे दाणे काढून उरलेला कणसाचा गाभा, त्याच्यापुढे ठेवले आणि चरकावर कातून त्याचा पाइप करून मागितला, असे सांगतात. पाइप जमला आणि गिऱ्हाइके वाढली. बुरकुंडाच्या बाहेरच्या खाचा प्लास्टरने भरून ते गुळगुळीत करण्याच्या युक्तीचे पेटंट टिब्बीने १८७८ मध्ये घेतले. पुढे त्या कारखान्याने ‘मिसूरी मीरशॉम’ हे नाव धारण केले आणि तो आजही चालू आहे.

या नावात एक मिस्कील दावा दडलेला आहे. मीरशॉम हा तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळ खणून काढला जाणारा पांढरा, हलका, सच्छिद्र दगड. त्याचे कोरीव पाइप युरोपातील श्रीमंतांच्या हाती असत. धुराने ते हळूहळू मधासारखे पिवळे होत आणि त्या रंगाचाही अभिमान बाळगला जाई. १९व्या शतकाच्या मध्यावर त्याला प्रतिस्पर्धी मिळाला तो ब्रायरचा. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी ही टणक गाठ सहजासहजी जळत नाही; फ्रान्समधील सेंट-क्लोद गावाने तिच्यावर आपली कीर्ती उभी केली. त्याआधी दोन शतके इंग्लंड-हॉलंडचा सामान्य माणूस पांढऱ्या मातीचे लांब दांड्याचे पाइप ओढत होता. ते स्वस्त असत, पण हाताला चटका देत आणि खाली पडले की फुटत.

मक्याचा पाइप या सर्वांहून गरीब. तरीही त्याचा एक गुण दगडाच्या जवळ जाणारा: तो सच्छिद्र असतो, धुरातला ओलावा शोषतो आणि पहिल्या दिवसापासून सौम्य लागतो. ब्रायरचा नवा पाइप आतून काजळीचा थर धरेपर्यंत थोडा सोसावा लागतो. मक्याला ती तपश्चर्या नाही. त्या बदल्यात त्याचे आयुष्य कमी. काही काळाने बूड जळते, माणूस तो टाकून देतो आणि दुसरा घेतो. शेताने फुकट दिलेल्या वस्तूवर कोणी शोक करीत नाही.

तंबाखूप्रमाणे मकाही पोर्तुगिजांच्या काळातच हिंदुस्थानात आला. मग कोकणात मक्याचा पाइप का झाला नाही? उत्तर शेतात आहे. कोकणच्या जांभ्या जमिनीवर आणि मुसळधार पावसात भात आणि नाचणी ही पिके. मक्याला तिथे जागा नव्हती. कोकणच्या हाती जे फुकट होते, ते निराळे होते. नारळ फोडून खोबरे काढले की करवंटी उरे. तिला दांडा लावला की डाव होई, चुलीत घातली की सरपण होई. आणि तिला दोन भोके पाडली की गुडगुडी होई.

गुडगुडीची रचना थोडक्यात अशी. अख्ख्या नारळाचे डोळे टोकरून आतला गर काढायचा आणि करवंटी घासून गुळगुळीत करायची. वरच्या भोकात पोकळ लाकडी दांडी बसवायची. तिचे खालचे टोक करवंटीतल्या पाण्यात बुडलेले असले पाहिजे. दांडीच्या माथ्यावर कुंभाराने भाजलेली मातीची चिलीम, तिच्यात गुळात मळलेली तंबाखू आणि त्यावर निखारा. बाजूचे दुसरे भोक पाण्याच्या पातळीच्या वर. त्याला तोंड लावून किंवा बारीक वेळूची नळी खोचून ओढले की धूर पाण्यातून बुडबुडत वर येतो. त्या आवाजावरूनच मराठीने तिचे नाव ठेवले. इंग्रजांनी ‘हबल-बबल’ म्हटले, तेही कानानेच.

येथे विस्तवाला झेलते ती माती आणि पाण्याला धरते ती करवंटी. पाइपात एकाच वस्तूला उष्णता सोसायची, ओलावा शोषायचा आणि हातालाही जपायचे, अशी तिहेरी कामे असतात. म्हणून मीरशॉम आणि ब्रायर यांचा एवढा शोध घ्यावा लागला. गुडगुडीने ती कामे वाटून टाकली. करवंटी घट्ट विणीची असल्यामुळे पाणी झिरपू देत नाही, आणि निखारा तिच्यापासून हातभर दूर असल्यामुळे ती जळतही नाही. कोरड्या मुलखात करवंटी तडकण्याचे भय असते, कोकणच्या दमट हवेत ते कमी. या रचनेत चिलीम घाटावर किंवा कोकणात कोणताही कुंभार करून देई, करवंटी दारच्या माडाची. बाहेरून आणावी लागे ती फक्त तंबाखू. तिला कोकणचा पाऊस मानवत नाही, म्हणून ती घाटमाथ्यावरच्या कोरड्या शिवारांतून आंबा घाटासारख्या वाटांनी खाली उतरे.

ही तंबाखू मुळात हिंदुस्थानात रुजली कशी, याविषयी एक कथा वारंवार सांगितली जाते: अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून गाळण्याची कल्पना काढली आणि हुक्क्याचा जन्म झाला. कथा सुबक आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. गिलानी १५८९ मध्ये मरण पावला. अकबराच्या दरबारात तंबाखू पोहोचल्याचे प्रसिद्ध वर्णन आहे, ते असद बेग काझवीनी याचे, आणि ते १६०४ च्या सुमाराचे आहे.

असद बेग हा अकबराचा वकील म्हणून विजापूरला, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्याकडे गेला होता. तंबाखू त्याला तिथे दिसली. उत्तरेत ती त्याने पाहिलेली नव्हती. परतताना त्याने ती सोबत घेतली आणि बादशहासाठी एक नळीही सिद्ध केली: तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकारी, तोंडाशी येमेनी अकीक, विस्तव ठेवायला सोन्याचे पात्र. अकबराने दोनचार झुरके घेतले. हकिमांनी मोडता घातला: या वस्तूविषयी आमच्या ग्रंथांत काही नाही, परीक्षा केल्याविना बादशहांनी ती सेवन करू नये. असद बेगने वाद घातला की जगातील प्रत्येक चाल केव्हा ना केव्हा नवीच होती. अकबराला तो युक्तिवाद आवडला, तंबाखू मात्र त्याने धरली नाही. सरदारांनी धरली. १६१७ मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली, पण तोवर फार उशीर झाला होता. मागे वळून पाहता, त्या दिवशी दरबारात योग्य प्रश्न विचारला तो हकिमांनी. पाण्यातून गेल्याने धूर थंड होतो, निर्विष होत नाही, हे कळायला पुढे तीन शतकांहून अधिक काळ लागला.

तंबाखू दिल्ली-आग्र्याच्या आधी विजापूरला का, हे नकाशा पाहिला की उमगते. आदिलशाहीची समुद्राकडची दारे म्हणजे दाभोळ आणि राजापूर, आणि शेजारी १५१० पासून पोर्तुगिजांच्या हाती गेलेले गोवे. अमेरिकेची वस्तू प्रथम याच किनाऱ्याला लागणार आणि इथूनच घाट चढणार. ‘तंबाखू’ हा शब्दही पोर्तुगीज ‘ताबाको’चा वंशज.

पुढे दरबारांनी गुडगुडीला धातूचा पोशाख चढवला. बिदरच्या कारागिरांनी जस्ताच्या काळ्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी भरून हुक्क्याची बुडे घडवली. जगभरच्या संग्रहालयांत ती आज मानाने मांडलेली असतात. १७व्या शतकातली बुडे पाहिली तर ती चेंडूसारखी गोल दिसतात. गोल भांडे सपाट जमिनीवर उभे राहत नाही. त्याला खाली कडे द्यावे लागते. धातूला सपाट बूड देणे मुळीच अवघड नाही, आणि १८व्या शतकात घंटेच्या आकाराची, आपल्या बळावर उभी राहणारी बुडे आलीही. मग आधीची गोलाई कशासाठी? अभ्यासक त्यात नारळाची आठवण पाहतात, आणि ते पटण्यासारखे आहे. चांदीने मढलेल्या त्या सरदारी वस्तूच्या पोटात कुणा माडकऱ्याची करवंटी लपलेली होती.

सामान्य मराठी माणूस मात्र गुडगुडीहूनही साधी अशी नुसती चिलीम ओढत असे. इथे भांड्याच्या मातीला एक वेगळाच अर्थ येतो. जुन्या शुद्धाशुद्धतेच्या व्यवहारात तांब्या-पितळेचे भांडे उष्टे झाले तर राख-पाण्याने घासून शुद्ध होई. मातीचे भांडे उष्टे झाले की टाकून द्यावे लागे. मग मातीची चिलीम चार जणांत फिरायची कशी? त्यावर तोडगा होता तो ‘छापी’चा. छापी म्हणजे चिलमीच्या बुडाला गुंडाळायचे ओले फडके. ते धूर थंड करी, राख अडवी, आणि चिलीम मुठीत धरून मुठीतूनच धूर ओढला की ओठ मातीला लागतच नसे. एका चिंधीने विटाळाचा प्रश्न निदान नावापुरता सोडवला होता. तरी ती चिंधी सर्वांसाठी नव्हती. पारावरच्या चिलमीच्या फेऱ्यात कोणाला बसू द्यायचे, हे ओठांवरून ठरत नसे, जातीवरून ठरे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला तो फेरा बंदच होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की शिर्डीच्या साईबाबांच्या एका कथेचे वजन कळते. धूपखेड्याच्या चांद पाटलाची घोडी हरवली होती. वाटेत झाडाखाली बसलेल्या एका तरुण फकिराने त्याला चिलीम ओढायला बोलावले. विस्तव नव्हता, तर त्याने जमिनीत चिमटा खुपसून निखारा काढला. छापी भिजवायला पाणी नव्हते, तर सटका आपटून पाणी काढले. चमत्कार ज्याचा त्याने मानावा. इतिहासाच्या वाचकाला त्यात चिलमीची संपूर्ण सामग्री सापडते, आणि पुढे मशिदीत बसून हिंदू-मुसलमानांच्या हातांत तीच चिलीम देणारा माणूसही सापडतो. ही कथा ‘श्रीसाईसच्चरिता’त ओवीबद्ध करणारे गोविंद रघुनाथ दाभोळकर. आडनावात पुन्हा दाभोळ आहे.

गुडगुडी आणि चिलीम यांना मोडीत काढले ते कायद्याने नव्हे, गिरणीने. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि त्यांच्या मजुरांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडे. गलबतांतून आणि पुढे आगबोटींतून माणसे गेली आणि चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहू लागली. पाणी भरलेली करवंटी आणि निखारा घेऊन पाळीवर कोण जाणार? गुडगुडीला ओसरी हवी, सवड हवी. गिरणीत भोंगा होता, आणि सभोवती कापूस. खात्याच्या आत माणसाने चुन्यात मळलेली तंबाखू गालात धरली; बाहेर आल्यावर विडी पेटवली. आपट्याच्या किंवा टेंभुर्णीच्या पानाची विडी म्हणजे भांडेच नसलेला पाइप: पानच भांडे, तेच इंधन. मक्याचा पाइप काही महिन्यांनी टाकावा लागे. विडी काही मिनिटांत. ती खिशात मावे, उष्टी-खरकटी होण्याचा प्रश्न आला तर वेगळी घेता येई. कोकणातल्या ओसरीवरची गुडगुडी म्हाताऱ्यांबरोबर संपत गेली.

मिसूरीत कणसाच्या पाइपाचा कारखाना टिकला, कारण त्याला कारखाना होता. गुडगुडीला नव्हता. ती ज्याची त्याने केली, ज्याची त्याने फोडली. तिचे पेटंट कोणी घेतले नाही आणि काचेच्या कपाटात ठेवण्याइतकी ती कोणाला मौल्यवानही वाटली नाही.

हुक्का मात्र परत आला, शहरांतल्या पार्लरांमधून, फळांच्या वासाचा आणि काचेच्या बुडाचा. त्यात नारळही परतला होता, पण जागा बदलून: हल्ली हुक्क्यावर ठेवायचे निखारे बहुधा करवंटीच्या कोळशाचे असतात. पाणी धरणारी करवंटी आता विस्तव धरू लागली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला, तेव्हा अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखवले गेले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली. ते आवार एका जुन्या कापडगिरणीचे होते.