शोध आणि विश्वास : पूरक साधनांच्या यादीचा इतिहास

१/ सॉफ्टवेअरचा इतिहास सहसा नव्या भाषांचा आणि मोठ्या कंपन्यांचा म्हणून सांगितला जातो. त्यात एक प्रश्न दुर्लक्षित राहतो : स्वयंसेवकांनी लिहिलेली हजारो पूरक साधने गरजू प्रोग्रॅमरला सापडावीत कशी?

२/ १९९० च्या सुमारास डोनाल्ड कनूथ यांच्या 'टेक्' या अक्षरजुळणी प्रणालीची पूरक साधने ठिकठिकाणच्या संगणकांवर विखुरलेली होती. साधन असे, पण ते कुठे आहे हे जाणणारा माणूस भेटावा लागे. १९९२ मध्ये आकार घेऊ लागलेल्या 'सीटॅन' संग्रहाने ती एकत्र आणली.

३/ 'पर्ल' भाषेच्या समुदायाने तोच कित्ता गिरवला. फिनलंडच्या यार्को हिएतानिएमी यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये 'सीपॅन' सुरू झाले. आंद्रेआस क्योनिग यांच्या 'सीपॅन.पीएम' मुळे शोधणे आणि बसवणे ही दोन्ही कामे प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या संगणकावरूनच होऊ लागली.

४/ २०१२ मध्ये 'योमन' आले. नव्या प्रकल्पाचा सांगाडा उभारून देणे हे त्याचे काम. त्याची पूरक साधने म्हणजे 'जनरेटर'. कोणीही जनरेटर लिहून 'एनपीएम' या भांडारात ठेवावा आणि त्याला ठरावीक खूणशब्द जोडावा. तो योमनच्या शोधात दिसू लागे. कोणाच्या संमतीची गरज नव्हती.

५/ हा खुलेपणा मोलाचा होता. मात्र यादीत नाव असणे आणि साधन तपासलेले असणे या भिन्न गोष्टी आहेत. साधनाच्या आतच दिसणारी यादी वापरणाऱ्याला शिफारशीसारखी वाटते.

६/ या गैरसमजाची किंमत २०१८ मध्ये दिसली. धक्का जनरेटरमधून नव्हे, तर एनपीएमवरीलच 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय पॅकेजमधून बसला. मूळ लेखकाने देखभाल एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली. त्याने बिटकॉइन चोरण्यासाठीचा कोड त्यात शिरवला. नाव तेच राहिले, सांभाळणारा बदलला.

७/ म्हणूनच 'स्वेल्ट' च्या 'एसव्ही' सारखी अलीकडची साधने अधिकृत आणि समुदायाची पूरक साधने वेगळी ठेवतात. समुदायाची साधने आपण तपासलेली नाहीत, असा इशाराही देतात.

८/ सीटॅनच्या काळी साधन सापडणे हीच अडचण होती. आज ते क्षणात सापडते. ते कोण सांभाळतो, हे यादीत नावाशेजारीच दिसणे आता तितकेच आवश्यक झाले आहे.