वारेमागील रक्तस्रावाची नोंद : जालना जिल्ह्याच्या इतिहासाचे एक साधन

इयान डोनाल्ड प्रभृतींच्या १९५८ मधील शोधनिबंधाने प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफीचा पाया घातला. गर्भलिंगनिदानासाठी तिचा दुरुपयोग होऊ लागल्यावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. केंद्रीय नियमांतील ‘फॉर्म एफ’ जालना जिल्ह्यातील सोनोग्राफी केंद्रांनाही बंधनकारक आहे. त्यातील तपासणीच्या कारणांत वारेमागील रक्तस्रावाचाही समावेश आहे. लिंगनिवड रोखण्यासाठी योजलेल्या कागदावर अशा रीतीने मातेवरील संकटही नोंदले जाते.

मात्र ताजे रक्त पडद्यावर वारेसारखेच दिसू शकते. त्यामुळे नोंदीचा अभाव हा रक्तस्रावाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. शिवाय हे अभिलेख सामान्यतः दोनच वर्षे जपण्याचे बंधन आहे. जिल्ह्यातील मातृआरोग्याचा इतिहास लिहावयाचा असेल, तर रुग्णांची ओळख वगळून त्यांचे जतन होणे अगत्याचे आहे.