तळटीप : पडद्यातून सुटणारे

आरओच्या पडद्यातून पाण्याशिवाय काहीच जात नाही, हे लेखकाचे विधान शब्दशः घेऊ नये. घरच्या आरओतले पांढरे नळकांडे उघडले, तर मधल्या नळीभोवती कागदासारखा पातळ पडदा गुंडाळलेला दिसतो. दाब दिला की पाण्याचे रेणू त्यात मुरून पलीकडे झिरपतात. पाण्यात उतरलेल्या औषधांचे बहुतेक अंश आकाराने मोठे किंवा विद्युतभारित, म्हणून अडतात. निसटतात ते लहान, भाररहित रेणू. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत सांडपाणी शुद्ध करून भूजलात मुरवतात. तिथे २००० साली एनडीएमए सापडले. हे रसायन कर्करोगाला कारण ठरू शकते. त्याचा रेणुभार जेमतेम ७४, त्यामुळे बराचसा भाग पडद्याला जुमानत नाही. त्या राज्याने ठरवलेली सूचना-पातळी, म्हणजे जिच्यावर गेल्यास कळवावे लागते ती पातळी, लिटरला १० नॅनोग्रॅम आहे, म्हणजे दहा कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम! २००८ साली सुरू झालेल्या तिथल्या प्रकल्पात म्हणून आरओनंतर अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी आहे. लेखकाकडून आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते : पडदा रसायन अडवतो, नष्ट करत नाही. अडलेले सगळे टाकाऊ पाण्यात साठते. ऑरेंज काउंटीत ते पाणी समुद्रात सोडतात; आपल्या घरी मोरीत जाते.

— संपादक